आकडे वर जातात, खाली येत नाहीत

संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही पहिल्यांदा प्रत्येक यंत्राला वेगळा वीजमीटर बसवला, तेव्हा पहिल्या आठवड्यातला सगळ्यात बोलका आकडा रविवारचा निघाला. रविवारी कारखाना बंद. गेटवर वॉचमन, आत कुणी नाही. तरी यंत्रांना दाबाखालची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दिवसभर सुरू होत होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. सोमवारी तिथले सगळ्यात जुने फिटर, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, स्क्रीनवरचा तो आलेख बघत उभे राहिले. म्हणाले, "हवा गळतीय म्हणून दोन वर्षांपासून सांगतोय मी. पण कानानं ऐकलेलं कोण लिहून घेतं?" मग त्यांनी साबणाचं पाणी घेतलं, एकेका जोडावर लावत गेले आणि दुपारच्या जेवणापर्यंत अकरा ठिकाणी बुडबुडे काढून दाखवले.

दाबाखालच्या हवेच्या गळतीचा हिशेब सोपा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मोजमापानुसार ७ बार दाबाच्या हवेच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक असेल, तर साधारण ३ किलोवॅट वीज नुसती फुकट जाते. दिवसाचे २४ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर २१,६०० युनिट. युनिटला ८ रुपये लावा, पावणेदोन लाखांच्या आसपास रक्कम होते. आपल्या ग्रिडमधल्या दर युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे त्या एका भोकाचे वर्षाला १५ टन. करंगळी सहज झाकेल एवढ्या भोकाचे.

त्याच वर्षी त्या कारखान्याने आपल्या मोठ्या ग्राहक कंपनीला 'शाश्वतता' नावाची लांबलचक एक्सेल शीट भरून दिली होती. ऊर्जा वाचवण्यासाठी उपाय करता का, या प्रश्नापुढे 'होय' लिहिलेलं होतं. लिहिणारा खोटारडा नव्हता. त्याच्याकडे महिन्याचं लाइट बिल सोडून दुसरी कसलीच माहिती नव्हती, आणि महिन्याच्या बिलात रविवार वेगळा दिसत नाही.

कंपन्यांच्या पर्यावरणविषयक जबाबदारीला माहिती तंत्रज्ञानाची मदत कशी होईल, यावर सध्या संभाजीनगरातही परिषदा होतात, सॉफ्टवेअर विकणारे येतात, रंगीत डॅशबोर्ड दाखवतात. मला या सगळ्यात एक मोठी चूक दिसते. आकडे गोळा होतात आणि वर जातात. वेंडरकडून, म्हणजे माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्याकडून, कंपनीकडे, कंपनीकडून मुख्यालयाकडे, तिथून शेअर बाजाराकडे किंवा परदेशी ग्राहकाकडे. खाली मात्र ते परत येत नाहीत. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाहीत आणि ज्या गावाच्या शिवारातलं पाणी कारखाना वापरतो त्या गावालाही दिसत नाहीत. वीज आणि पाणी प्रत्यक्षात वाचवू शकतात ती हीच दोन माणसं. एक व्हॉल्व्ह बंद करून, दुसरं प्रश्न विचारून.

वरून येणारा दबाव खरा आहे आणि तो वाढणारच आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा नमुना आणला आणि बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून तो बंधनकारक केला. २०२३ मध्ये त्यातल्या निवडक आकड्यांची त्रयस्थाकडून पडताळणी आली, आणि पुरवठादारांची माहिती देण्याचा विषयही आला. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात माल बनवताना निघालेल्या कार्बनवर सीमेवर करायच्या आकारणीसाठी नोंदी मागायला सुरुवात केली. प्रत्यक्ष आकारणीसाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरवली. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज या तिच्या वस्तू. पोलादाच्या यादीत नट-बोल्टही येतात. म्हणजे वाळूज-चिकलठाण्यातला एखादा बोल्ट बनवणारा कारखानदार, ज्याने ब्रसेल्स कधी नकाशावरही शोधलं नाही, त्यालाही टनामागे किती कार्बन, हे सांगण्याची वेळ येते.

त्याने ते सांगायचं कसं? बहुतेक ठिकाणी जे होतं ते असं. कंपनीचं सॉफ्टवेअर वेंडरकडून झालेल्या खरेदीचे रुपये घेतं, त्याला त्या उद्योगाचा ठरावीक गुणांक लावतं आणि कार्बनचा आकडा काढतं. अंदाज म्हणून सुरुवातीला हे चालेल. पण मामांनी अकरा गळत्या बंद केल्या तरी त्या सॉफ्टवेअरमधला आकडा जागचा हलणार नाही, कारण खरेदीचे रुपये तेवढेच आहेत. उलट पोलादाचा भाव वाढला की कार्बन वाढलेला दिसेल. केलेल्या कामाची ज्यात नोंदच होत नाही असं मोजमाप माणसाला काम करायला कशाला उभं करेल? मोठ्या कंपन्यांनी अहवाल लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरवर घातलेला पैसा आधी मीटरवर घालायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

जालन्याकडे बघा. तिथे भंगार वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, ओतणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि सळ्या ओढणाऱ्या रोलिंग मिल्स आहेत. वितळवायला टनामागे साधारण ६०० युनिट वीज लागते, पण हा आकडा हीटगणिक, म्हणजे भट्टीच्या दर वितळणीला, बदलतो. भंगार ओलं, गंजलेलं, मातीचं असलं की वाढतो. ओतायला क्रेन मोकळी नाही म्हणून भट्टी वीस मिनिटं रस घेऊन उभी राहिली की वाढतो. झाकण उघडं राहिलं की वाढतो. शिफ्ट संपल्यावर सरासरी काढली तर यातलं काहीच दिसत नाही. हीट संपताक्षणी भट्टीवाल्याच्या समोर मोठ्या अक्षरांत या हीटचे युनिट आणि मागच्या हीटचे युनिट आले, तर त्याला कारण आठवतं, कारण ते त्याने आत्ताच डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच आवारात पुढे रोलिंग मिल असेल तर आणखी एक मोठी बचत आहे: बिलेट थंड न होऊ देता लालभडक असतानाच मिलमध्ये घालायचं. त्यामुळे पुन्हा तापवण्याची भट्टी आणि तिचं इंधन वाचतं. पण मिल बंद पडली हे भट्टीला आणि ओतकाम लांबलं हे मिलला त्याच मिनिटाला कळायला हवं. फोनाफोनीवर ते जमत नाही. माहिती तंत्रज्ञानाचं खरं काम हे. दोन शेडमधल्या दोन माणसांना एकाच वेळी एकच गोष्ट दिसणं.

विजेचं बिल निदान मालकाला लागतं, म्हणून आज ना उद्या ती वाचवली जाईल. मला काळजी आहे ती पाण्याची.

मराठवाड्यात उन्हाळ्यात गावाला पाणी नेणाऱ्या सरकारी टँकरला जीपीएस बसवावं लागतं. किती खेपा झाल्या, कुठून भरलं, कुठे रिकामं केलं, हे तपासल्याशिवाय बिल निघत नाही. ते योग्यच आहे, कारण त्याशिवाय कागदावरच्या खेपा थांबल्या नसत्या. पण त्याच रस्त्याने खासगी टँकर कारखान्यांकडे जात असतात. ते कुणाच्या विहिरीवर भरले, दिवसाला किती गेले, याची नोंद कारखान्याच्या गेटवरच्या वहीत राहते. तहानलेल्या गावाच्या पाण्याचा हिशेब उपग्रहावरून आणि विकत घेतलेल्या पाण्याचा हिशेब वॉचमनच्या वहीत, हे मला पटत नाही.

२०१६ आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत एकच वाद होता, कोण किती पाणी घेतं. उद्योजक म्हणत, आमचा वाटा नगण्य आहे. शेतकरी म्हणत, बियरला पाणी आहे, जनावरांना नाही. काही जण उसाकडे बोट दाखवत होते, आणि ते बोट चुकीचं नव्हतं. पण समोर ठेवून सगळ्यांनी वाचावा असा रोजचा, कारखानानिहाय आकडा कुठेच नव्हता. त्यामुळे ज्या कारखान्याने प्रामाणिकपणे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरलं होतं, तोही आरोपीच्या रांगेत उभा राहिला. उघडा आकडा असता तर तो बाजूला उभा राहू शकला असता. म्हणूनच मी उद्योजक मित्रांना सांगतो की आकडे उघडे करण्याने सर्वात जास्त भलं चांगलं काम करणाऱ्याचंच होणार आहे.

कायद्यात अर्धी तयारी झालेलीच आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत उपशासाठी दूरसंदेश पाठवणारे डिजिटल मीटर सांगितले आहेत. दिवसाला १०० घनमीटरपेक्षा जास्त भूजल उपसणाऱ्या उद्योगांनी जललेखापरीक्षण करावं आणि तीन वर्षांत उपसा किमान २० टक्क्यांनी कमी करावा, असंही त्यात आहे. सांडपाण्याचंही तसंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ उद्योगप्रकारांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायला सांगितली. साखर कारखाने आणि मद्यार्क बनवणाऱ्या आसवन्या दोन्ही त्या यादीत आहेत, आणि आपल्याकडे त्यांची संख्या काही कमी नाही. मोजणारं यंत्र बसलं, तार जोडली गेली, आकडा मंडळाच्या सर्व्हरवर गेला. पण नाल्याच्या काठावर ज्याचं शेत आहे त्याच्या मोबाइलवर तो कधी आला?

यावर लगेच येणारी शंका म्हणजे मीटरला फसवता येतं. येतं. सेन्सर काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला की स्क्रीनवर दिवसरात्र निर्मळ गंगा वाहते. म्हणून एकट्या मीटरवर विश्वास ठेवूच नये, एका मीटरला दुसऱ्याचा साक्षीदार करावं. सांडपाणी शुद्ध करायचं तर टाकीत हवा सोडणारे ब्लोअर फिरावे लागतात, आणि ब्लोअर वीज खातात. रात्री बारा ते पाच ब्लोअरची वीज शून्य असेल आणि सेन्सर मात्र शुद्ध पाणी दाखवत असेल, तर कुणीतरी खोटं बोलतंय हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. तसाच पाण्याचा ताळा. आत किती आलं, वाफेत आणि मालात किती गेलं, बाहेर किती पडलं. तिन्हींचा मेळ बसला नाही तर एक तर गळती आहे किंवा एखादा पाइप अंधारात कुठेतरी वळवला आहे. हे ताळे माणूस महिन्यातून एकदा जेमतेम करेल; संगणक दर पंधरा मिनिटांनी करतो आणि कंटाळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा बाजूला ठेवला तरी एवढी बेरीज-वजाबाकी आज आपल्या हातात आहे.

आकडे उघडे केल्याने फरक पडतो का? दोन उदाहरणं मला आश्वासक वाटतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये धुराड्यातून निघणाऱ्या धूलिकणांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते सर्वांना पाहता येतील असे ठेवायला सुरुवात केली. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. दुसरं उदाहरण सुरतचं. तिथे २०१९ मध्ये धूलिकणांसाठी जगातली पहिली उत्सर्जन व्यापार योजना सुरू झाली. धुराड्यात सतत मोजणारं यंत्र, सगळ्या कारखान्यांसाठी मिळून एक मर्यादा, आणि ज्याने कमी धूर सोडला त्याने उरलेला परवाना दुसऱ्याला विकायचा. संशोधकांनी तुलना केली तेव्हा योजनेतल्या कारखान्यांचे धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सुरतेत यंत्रं आपल्यासारखीच, मालकही आपल्यासारखेच. फरक एवढाच की तिथे आकड्याला किंमत आली.

आता छोट्या उद्योजकाचं म्हणणं, जे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि जे मला मनापासून मान्य आहे. तो म्हणतो, दादा, मीटर बसवायला पैसे कोण देणार? आणि त्याहून मोठी भीती तो हळू आवाजात सांगतो. आज वीज किती लागते हे ग्राहक कंपनीला दिसलं, तर उद्या तिचा खरेदी विभाग म्हणेल, तुमची वीज वाचली ना, मग नगामागे दर कमी करा. ही भीती काल्पनिक नाही. वाळूजमध्ये वेंडर म्हणून काम केलेल्या कुणालाही विचारा.

तोडगा याच धंद्याच्या रीतीत आहे. ऑटो उद्योगात डाय, म्हणजे भागाला आकार देणारा साचा, बहुधा ग्राहक कंपनीची असते. पैसे तिचे, मालकी तिची, ठेवलेली मात्र वेंडरच्या प्रेसवर. मीटरचंही तसंच करावं. ज्या कंपनीला आपल्या अहवालासाठी वेंडरचा आकडा हवा आहे तिने मीटर विकत घेऊन त्याच्याकडे बसवावेत. एका यंत्राचा मीटर काही हजारांत येतो, डायच्या तुलनेत ती रक्कम काहीच नाही. आणि त्याच करारात लिहावं की वाचलेल्या विजेचे पैसे निदान दोन वर्षं वेंडरकडेच राहतील, दरकपातीच्या चर्चेत ते ओढले जाणार नाहीत. एवढं एक वाक्य करारात आलं तर छोटे कारखानदार मीटरसाठी स्वतःहून रांग लावतील. मसिआ आणि सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी या एका वाक्यासाठी बसून बोलणी करावीत. ऑटो क्लस्टरसारखी सामायिक सुविधा आपल्याकडे उभी राहिली आहेच. मीटर तपासून, अचूकता जुळवून देणारं एक केंद्रही तसंच सामायिक असू शकतं.

हे काम करायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. नांदेडच्या एसजीजीएस संस्थेत उपकरणशास्त्र शिकवतात, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, जिल्ह्याजिल्ह्यात तंत्रनिकेतनं आहेत. आमची मुलं शिकतात आणि पुण्याची बस धरतात. जालन्याच्या भट्टीवर, लातूरच्या डाळ मिलमध्ये, बीडच्या साखर कारखान्यात मीटर बसवणं, जुळवणं, त्याचा अर्थ लावून सांगणं ही नोकरी इथेच निर्माण होऊ शकते. तिला मोठी इमारत लागत नाही. मोटारसायकल, लॅपटॉप आणि मामांसारख्या माणसाचं ऐकून घेण्याची तयारी लागते.

संगणकही वीज खातो, हे विसरून चालणार नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. त्यामुळे प्रत्येक सेन्सरचा प्रत्येक सेकंद साठवून ठेवण्याचा सोस नको. ज्या आकड्यावरून कुणी काही करणार आहे तोच ठेवावा.

सामाजिक दायित्वाच्या निधीबद्दलही बोललं पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम यासाठी खर्च करावी लागते, आणि आपल्याकडे त्यातून नाला खोलीकरण, बंधारे अशी कामं होतात. चांगली कामं आहेत, गावाला त्यांचा उपयोग होतो. बंधाऱ्यापाशी फलक असतो, त्यावर किती पाणी साठलं ते लिहिलेलं असतं. त्याच फलकावर खाली दुसरी ओळ हवी: या कंपनीने यंदा या तालुक्यातून किती पाणी उचललं. दिलं किती आणि घेतलं किती, हे शेजारी-शेजारी वाचायचा हक्क गावाला आहे.

आणि ही वेळ महत्त्वाची आहे. संभाजीनगरजवळची शेंद्रा-बिडकीनची ऑरिक ही औद्योगिक वसाहत दहा हजार एकरांच्या घरातली. तिथे भूमिगत वाहिन्या आहेत, नियंत्रण कक्ष आहे, देशातल्या आधुनिक वसाहतींमध्ये तिचं नाव घेतलं जातं. टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांनी २०२४ मध्ये इथे कारखान्यांची घोषणा केली. त्यांच्यामागोमाग वेंडर येतील, गोदामं येतील, कामगारांची वस्ती वाढेल. संभाजीनगर शहराच्या जुन्या भागात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, हे तिथे राहणारा प्रत्येक माणूस जाणतो. भूखंडाचा करार होतानाच पाणी आणि सांडपाण्याचे मीटर, त्यांचे ताळे आणि रोजचे आकडे लोकांसाठी खुले ठेवण्याची अट घातली तर कुणाला जड जाणार नाही. कारखाना उभा राहिल्यावर तीच अट घालायला गेलं की न्यायालयात दहा वर्षं जातात.

सुरुवात कुठून करायची याबद्दल माझं एक नेमकं मागणं आहे. पावसाळ्यात मराठवाड्यातलं घरन् घर सकाळी मोबाइलवर नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, आकडा बघतं. पाणीपातळी, टक्केवारी, किती क्युसेकने आवक. नाशिकला पाऊस पडला की पैठणच्या टक्क्यांची इथे वाट बघितली जाते. समन्यायी वाटपाच्या नियमाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही हे त्याच आकड्यावर ठरतं, म्हणून त्या तारखेच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे परीक्षेच्या निकालासारखे जातात. पण १५ ऑक्टोबरनंतर, धरणातून पाणी कुणीकडे गेलं हे विचारायची वेळ येते तेव्हा तो संदेश थांबतो. तो थांबू नये. जलसंपदा विभागाने रोजच्या त्याच संदेशात चार ओळी वाढवाव्यात: पिण्याला किती, कालव्यांना किती, उद्योगांना किती, आणि उन्हाने किती उडालं. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या त्या उथळ जलाशयात शेवटची ओळ लहान असणार नाही. उद्योगांच्या ओळीवर बोट ठेवलं की वसाहतनिहाय आणि कारखानानिहाय यादी उघडावी. पाणी मोजणारे मीटर एमआयडीसीच्या वाहिन्यांवर आहेतच. येत्या १५ ऑक्टोबरच्या सकाळी मला ती यादी माझ्या फोनवर वाचायची आहे, आणि कायगाव-पैठणच्या काठावरच्या शेतकऱ्यालाही.